पांढऱ्या कानांचा हिमससा

प्रेमानंद गजभिये यांचा फोटो प्राणिशास्त्र विभागाच्या म्युझियममध्ये लावायचं ठरलं, तेव्हा जागा निवडायला कॉलेजनं त्यांच्या मुलीला, रोशनीला बोलावलं. बाबांना जाऊन महिना झाला होता. मेलेल्या जनावरांत पेंढा भरून त्यांना जिवंतासारखं बसवण्यात त्यांची हयात गेली होती.

"हिमसशाजवळ लावू," विभागप्रमुख कामिनी मॅडम म्हणाल्या. "पोरं आधी तिथंच धावतात."

काचेच्या कपाटात गांधीबाग बाजारातून आणलेल्या कापसाचा बर्फ पसरला होता. त्यात बसलेला ससा चटकन दिसत नव्हता. पाटीवर लिहिलं होतं: हिवाळ्यात पांढरा होऊन बर्फात लपणारा. रोशनी वाकली. असा ससा सगळा पांढरा झाला तरी कानांची टोकं काळीच राहतात, हे तिनं वाचलं होतं. याचे कान टोकापर्यंत पांढरे होते.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मग अस्सल कातडं बाबांनी कुठं घालवलं?

मॅडम फोन घ्यायला बाहेर गेल्या. बाबांच्या हाताखाली जन्म काढलेले शालिकरामकाका कपाटासमोर आडवे येऊन उभे होते.

"काका, कपाट उघडा."

"काहून? कीड लागू नाही म्हणून सोमल लावलं आहे त्याले. जहर असते ते. हाताले लागन."

"मी हात नाही लावत."

"तुह्या बाबानं कोणाले उघडू नाही देल्लं वं."

म्हणूनच तिला उघडायचं होतं. काकांनी नको त्याच किल्ल्या लावून पाहिल्या. अखेर दार उघडलं. काळा रंग उडाला असेल, एवढीच आशा धरून तिनं मोबाइलचा उजेड कानांवर पाडला. रंगाचा मागमूस नव्हता. डाव्या कानाच्या कडेला मात्र एक खाच होती.

ती मांजरीच्या दाताची. रोशनी दुसरीत होती, तिनंच त्या जखमेवर हळद दाबली होती. त्या मे महिन्यात ती मामाकडे मौद्याला गेली आणि महाल भागातल्या घरी परतली, तर सशाचं खुराडं रिकामं. "पळाला," बाबा म्हणाले होते.

"काका, हा माझा ससा आहे."

शालिकराम खाली बघू लागले. "खऱ्याले कसरीच्या किड्यानं खाल्लं होतं. तपासणीवाले येऊन राहिले होते. तवाचे विभागाचे साहेब तुह्या बाबाच्या मागं लागले, काहीतरी बसव म्हणे."

"मग?"

"मग तुहा ससा मेला ना. लू लागली."

"साहेब मागं लागले, अन् लगेच ऊन लागलं त्याले?"

काका किल्ली धोतराला पुसत राहिले. "मी नाही पाह्यलं. टॉवेलात गुंडाळूनच आणला त्यानं. रडून राहिला होता, एवढं पाह्यलं."

रडणं दोन्हींत बसत होतं. ससा मेला म्हणून, किंवा मारला म्हणून.

मॅडम परत आल्या. "मग, इथंच ना?"

"आधी पाटी बदला, मॅडम. हा हिमससा नाही. घरात पाळलेला ससा आहे."

"अहो, बाबांचंच नाव खराब होईल त्यात."

"माहीत आहे."

"आणि फोटो?"

"फोटोचं अजून ठरवलं नाही. आज घरी नेते."

तिनं भिंतीला टेकवून ठेवलेली फोटोची फ्रेम काखेत घेतली. बाबांचा चेहरा बाहेर ठेवावा की आत, म्हणून दारात क्षणभर थांबली. मग तो आपल्या बाजूला वळवून जिना उतरू लागली.