एकाच तऱ्हेची फुलं

बिमलादीदीच्या बियाण्याचं वाटोळं करायचं कुणाच्याच मनात नव्हतं. म्हणूनच तर जास्त चीड येते. राग काढायला समोर माणूस तरी हवा ना!

दीदी हिमाचलातल्या एका उंच गावची. उपासाला ज्याचं पीठ खातात तो कुट्टू ती पिकवायची. एरवी त्याचं टरफल दाण्याला घट्ट धरून असतं, पण तिच्या कुट्टूच्या बऱ्याच दाण्यांचं तळहातावर चोळलं तरी सुटायचं. गावात बाकीच्यांनी केव्हाच सफरचंदं लावली होती, त्यामुळे हे बी फक्त तिच्याकडेच उरलं होतं. अंधेरीच्या प्रयोगशाळेतल्या कल्पिताने तिच्याकडून मूठभर बी मागवलं, आणि त्याच पावसाळ्यात डोंगर खाली आला. दीदीचं शेत गेलं, बियाण्याची कोठीही गेली.

"तुझ्याकडे आहे ना?" दीदीने फोनवर विचारलं. "पेरणीआधी थोडं परत दे."

"देईन की दीदी, भरपूर देईन," कल्पिता म्हणाली. तिला ते अगदी खरं वाटत होतं.

काही बी तपासणीत दळून गेलं होतं. उरलेलं तिने फेब्रुवारीत गच्चीवर सगळंच्या सगळं पेरलं. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या प्रज्योतने तोवर त्या कुट्टूची जनुकं वाचून काढली होती आणि सुटणाऱ्या टरफलाची खूण शोधली होती. रोप बोटभर असतानाच पानाचा तुकडा तपासायचा, आईबाप दोघांकडून खूण आलेली असेल तर रोप ठेवायचं, नाहीतर उपटायचं, म्हणजे पुढचा दाणा सगळाच सुटत्या टरफलाचा.

"फुलाफळाची वाट बघत बसायलाच नको. झकास काम झालंय यार," प्रज्योत म्हणाला.

जागा कमी होती. कल्पिताने स्वतःच्या हाताने निम्म्याहून जास्त रोपं उपटून कचऱ्यात टाकली, आणि तेव्हा तिला आपण फार शहाणपणाचं काहीतरी करतोय असं वाटत होतं.

मार्चमध्ये गच्ची फुलांनी पांढरी झाली. दाणा मात्र एकही धरेना. कल्पिता रंगाचा बारीक ब्रश घेऊन या फुलाचा पराग त्या फुलाला लावत राहिली. फुलं कोमेजायची, गळायची. शेवटी तिने एक फूल भिंगाखाली धरलं, मग दुसरं, मग प्रत्येक रोपावरचं एकेक.

कुट्टूची फुलं दोन तऱ्हेची असतात, आणि एका तऱ्हेचा पराग दुसरीलाच लागतो. इथे सगळी एकाच तऱ्हेची होती.

"खूण चुकली?" तिने विचारलं.

प्रज्योतने पडद्यावर जनुकांची यादी पुन्हा तपासली. "खूण बरोबर आहे गं. पण फुलाची तऱ्हा ठरवणारं जनुक तिला अगदी चिकटून बसलंय. आपण एक निवडत गेलो, दुसरं आपोआप निवडलं गेलं. जोडीदार रोपं..."

"मी उपटली."

"आपण उपटली."

आता पराग द्यायला दुसऱ्या तऱ्हेची फुलं कुठूनतरी हवी होती. घाटकोपरच्या वाण्याकडचा कुट्टू सोललेला निघाला, तो उगवला नाही. उत्तरेतून दुसरं बी मागवलं, तर त्याला फुलं यायला महिना हवा होता. तोवर टिकाव्यात म्हणून फांद्या कापून बाटल्यांत लावल्या, त्या सडल्या. एप्रिलचं ऊन सावलीची जाळी भेदून खाली उतरत होतं आणि थंड हवेतली ती रोपं माना टाकत होती. कल्पिता सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. इतकं शिकून आपल्याला एक दाणा धरवता येऊ नये, या विचाराने ती तिथेच रडायची.

मे महिन्यात शेवटचं रोपही वाळलं, आणि दीदीचा फोन आला. तिने शेतातले दगड उचलले होते, नवऱ्याने बांध घातला होता.

"दीदी, बी नाही राहिलं," कल्पिता हिंदीत म्हणाली. मग जमेल तसं तिने सगळं सांगितलं: तपासणीत दळलेलं बी, खूण, फुलं, उपटलेली रोपं.

दीदी रागावली असती तर बरं झालं असतं.

"असो," दीदी हळूच म्हणाली. "दळलेलं कुणी खाल्लं तरी ना? भाकरी गोड झाली होती?"

त्या कुट्टूची चव प्रयोगशाळेत कुणीच घेतली नव्हती.