बोटभर खोबरेल

माणसाच्या बोटांइतकी घाणेरडी वस्तू देवाने दुसरी केली नाही, असं जयदेवचं ठाम मत झालं होतं. हे मत त्याला कुणी शिकवलं नव्हतं. नेरूळच्या एका मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर बोलिंगचा हॉल होता, तिथे तो बॉल साफ करायच्या कामाला होता. चाळीस बॉल, प्रत्येकाला तीन भोकं, दोन बोटांची आणि एक अंगठ्याचं. दीड वर्षात या एकशेवीस भोकांनी त्याला माणूसजात दाखवली होती.

लोक चीज लावलेले चिप्स खायचे, बोटं चाटायचे, तीच बोटं भोकात घालून बॉल फेकायचे, आणि परत येऊन त्याच बोटांनी पुन्हा चिप्स. एवढं करून सेल्फी! भोकांतून काय निघत नसे? च्युइंग गम, सॉस, जखमेवरची पट्टी. एकदा तर चिकटवायचं गुलाबी नख निघालं आणि त्याला एक लांब केस गुंडाळलेला. त्या दिवशी जयदेवने डबा तसाच घरी नेला.

हॉलचे बॉल तो कधी उघड्या हाताने धरत नसे. हातमोजे असले तरी वरून फडकं. मेलेला उंदीर उचलावा तसा बॉल अंगापासून लांब धरायचा आणि काडीला चिंधी गुंडाळून स्पिरिटने भोकं पुसायचा. आधी बावीस वर्षं रबाळ्याच्या एका कारखान्यात त्याने लोखंड कातायचा लेथ चालवला होता. तिथेही हात काळे व्हायचे, पण तो काळेपणा लोखंडाचा होता, कुणाच्या थुंकीचा नव्हता. कारखाना बंद पडला आणि पन्नाशीत हे नशिबी आलं.

ही किळस त्याच्याबरोबर शिरवण्याला घरीही यायची. बायको भावना मच्छी मार्केटात बसायची. कोलंबी सोलून, बोंबील कापून तिच्या बोटांना बारीक चिरा पडलेल्या असायच्या. सव्वीस वर्षं त्याच हातांचं कालवण जयदेव बोटं चाटून खात आला होता. आता तो चमच्याने जेवायचा, आणि ती वाढायला बसली की विचारायचा, "हात धुतलंस का गो?"

पहिल्यांदा ती खो खो हसली होती. "मॉलात गेलास नि सायेब झालास काय रं?" दुसऱ्यांदा रागावली. नंतर दोन्ही कमी झालं. रात्री ताट वाढायच्या आधी ती निमूटपणे दोन्ही हात त्याच्यापुढे धरायची, आधी तळवे, मग मागची बाजू. तो बघायचा आणि मान हलवायचा. यात काही वावगं आहे असं त्याला एकदाही वाटलं नाही.

या सगळ्या बरबटलेल्या जगात एकच स्वच्छ माणूस होता, तो म्हणजे अभिराम सर. चाळिशी ओलांडलेले, बेलापूरला नोकरी, आणि खेळ असा की बघत राहावं. त्यांचा निळा बॉल स्वतःचा, स्वतःच्या बोटांच्या मापाची भोकं पाडून घेतलेला. प्रत्येक फेकीनंतर ते तो मऊ टॉवेलने पुसायचे. दुसऱ्या कुणी हात लावला तर त्यांचं तोंड असं व्हायचं की जयदेवला ते आपले सख्खे भाऊ वाटायचे.

बॉल का पुसायचा, तेही त्यांनीच शिकवलं. "ह्याला बारीक बारीक छिद्रं असतात, जयदेवराव. ज्या पट्टीवरून हा जातो, त्या लेनवर तेल मारलेलं असतं ना, ते हा पितो. पोट भरलं की पकड जाते, मग वळतच नाही, सरळ घसरत जातो." तेल भरलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवून ते बाहेर काढायचं, पाणी उकळतं नको, नाहीतर बॉल तडकतो. हे सगळं ते 'जयदेवराव' म्हणून सांगायचे. हॉलमध्ये बाकी सगळे त्याला 'ओ मामा' म्हणत. लॉकरची एक चावीसुद्धा सरांनी त्याच्याकडे दिली होती. "तुमच्याशिवाय कुणाच्या हाताचा भरवसा नाही," म्हणाले होते. ते वाक्य जयदेवने घरी चार वेळा सांगितलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी याच हॉलमध्ये राज्याच्या संघाची निवड होती. "गुडघे बोलायला लागलेत," सर म्हणाले होते, "ह्या वर्षी झालं तर झालं. नाहीतर संपलं."

दसऱ्याला सकाळी हॉलची पूजा झाली. मॅनेजर क्षिप्रा मॅडमनी संगणकाला आणि पिना उभ्या करायच्या यंत्राला हार घातला, पेढे वाटले, झालं. जयदेवला ते पटलं नाही. रबाळ्याला खंडेनवमीला लेथ रॉकेलने धुऊन लखलखीत करायचे, तेलाचा हात फिरवायचे आणि मग हळदकुंकू. ज्यावर माणसाचं पोट चालतं नि मान टिकतो, त्याला वर्षातून एक दिवस कुंकू लागलंच पाहिजे. आता त्याचा लेथ कुठला? हॉलचे चाळीस बॉल? शी! त्या उकिरड्याला कोण कुंकू लावतो!

त्याने सरांचा लॉकर उघडला. निळा बॉल काढला, स्पिरिटने पुसला, लाल फडक्यावर मांडला. कोरड्या बॉलवर कुंकू ठरेना. मग त्याने घरून आणलेल्या बाटलीतलं बोटभर खोबरेल लावलं. बॉल काय चमकला! हात थांबेना. लेथवर फिरायचा तसाच तो बॉलभर फिरला. बॉल तेल पितो, हे त्याला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण ते लेनवरचं तेल, दहा जणांच्या बॉलनी मळलेलं. हे देवाचं, आपल्या घरचं, आपल्या हातचं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे तेलालाही लागू पडतं. संध्याकाळी त्याने कुंकू नि ओशटपणा टिपून काढला, बॉल परत ठेवला आणि खुशीत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला निवड सुरू झाली. सरांची पहिली फेक सरळ गेली. दुसरीही. जिथे बॉल आत वळायचा, तिथे तो वळलाच नाही, कडेच्या नालीत पडला. सरांनी तो पुसला, पुन्हा पुसला. चौथ्या फेकीनंतर त्यांनी बॉल नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा आंबट झाला.

"खोबरेल," ते म्हणाले. "ह्याला कुणी खोबरेल लावलंय?"

जयदेवने हातातलं फडकं पाठीमागे नेलं. नियमाप्रमाणे सरांना सराव न करता हॉलचा बॉल घेऊन उरलेल्या फेकी टाकाव्या लागल्या. तीन वाजता यादी लागली. त्यात त्यांचं नाव नव्हतं.

क्षिप्रा मॅडमनी लगेच चौकशी मांडली. काउंटरवरच्या जादा चाव्या घेऊन लॉकरमधली धूळ कोण पुसतं? ज्ञानेश्वरी. तुर्भ्याहून येणारी, झाडूपोछा करणारी पोर. ती आली तीच घाबरत. तिची वेणी तेलाने चपचपीत होती, आणि वास दोन हातांवरून येत होता. त्या वासाने जयदेवनेही कितीदा नाक मुरडलं होतं.

"मी नाय हात लावला मॅडम, आईशप्पत," ती रडायला लागली.

"मग वास कसला येतो? उद्यापासून येऊ नकोस."

सर तिच्या केसांकडे बघत होते. जयदेवला ती नजर ओळखीची होती. ती त्याचीच नजर होती. गप्प बसलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं. 'जयदेवराव' राहिला असता, चावी राहिली असती. फक्त एक पोरगी गेली असती, तेलकट. त्याला स्वतःचीच किळस आली.

"तिनं नाय," तो म्हणाला. "मी लावलं, सर. दसऱ्याची पूजा केली. तुमच्यासाठीच केली."

सरांनी आरडाओरडा केला असता, शिव्या घातल्या असत्या तर जयदेवने मुकाट ऐकून घेतलं असतं. पण त्यांची नजर खाली सरकली आणि त्याच्या हातांवर थांबली.

"हात तरी धुतले होते का?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी खिशातून टॉवेल काढला, बॉल त्यात धरून अंगापासून लांब उचलला आणि पिशवीत टाकला. चावी मागितली नाही. कुलूपच बदलायला सांगून गेले.

मॅडमनी आठ दिवसांचा पगार कापला आणि ज्ञानेश्वरी राहिली. जयदेव बेसिनपाशी गेला. साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले. धुऊन हात स्वच्छ झाले, पण तो प्रश्न काही जाईना.

रात्री भावना ताट घेऊन आली. बोंबलाचं कालवण होतं. तो भिंतीला टेकून बसला होता. तिने ताट बाजूला ठेवलं आणि रोजच्यासारखे दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. तळवे दाखवले, मग हात उलटे केले. चिरांमध्ये कुठे कुठे लाल दिसत होतं. घासून घासून झालेलं.

"बग," ती म्हणाली, "साबनानं धुतलंय. दोनदा."

जयदेवने मान वर केली नाही. "उद्यापासून नको दाखवू," तो म्हणाला. त्याने चमचा बाजूला सारला आणि कालवणात हात घातला.