तापाला आडवी गेलेली झडप

मी एक जुनी झडप आहे. आमचं आयुष्य काही दिवसांचंच, त्या मानाने मी म्हातारी. पण मोडकी नाही! कुरुंद्याजवळच्या तांड्यावर राहणाऱ्या रुख्मिणीबाईंच्या मेंदूत, एका पेशीच्या भिंतीत माझा जन्म झाला. शास्त्रज्ञ मला आयन वाहिनी म्हणतात. मित्रांनो, रक्त फार तापलं की मी उघडते आणि विजेचा भार असलेले कण आत सोडते. मग पेशी कातडीला हुकूम धाडते, उष्णता बाहेर टाक! मी दिसत नाही, म्हणून माझं कौतुक कुणी केलं नाही.

यंदा हळद शिजवण्याच्या दिवसांत बाईंच्या अंगात जंतू शिरले. त्यांच्याशी लढायला मेंदूनेच अंग तापवलं. थोड्या तापाला माझी हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तो हद्द ओलांडू लागला. सून निताने मायेपोटी दार लावलं आणि सासूवर तीन गोधड्या घातल्या.

मी सताड उघडले. कातडी लाल झाली, घाम फुटला. पण गोधड्यांखाली तो वाळेना. पाणीही कुणी पाजलं नव्हतं. ताप चढतच होता. तरी मी मिटले नाही. शेजारच्या झडपाही हटल्या नाहीत.

अखेर आमचा 'उकडतंय' हा निरोप बाईंपर्यंत पोचला आणि त्यांनी गोधड्या लाथाडल्या.

"काहून भट्टीत घालून राहिली मला? काढ हे!"

"थंडी वाजंल तुमाला, आत्याबाई," म्हणत निता पुन्हा पांघरूण घालू लागली.

"वाजू दे! जीव उकडून राहिला माझा!"

तेवढ्यात गोधड्या शिवणाऱ्या जैनबबी नवी गोधडी द्यायला आल्या. बाईंच्या कपाळाला हात लावताच त्यांनी दार सताड उघडं केलं.

"निता, बाई बराबर बोलून राहिल्या. ह्या गोधड्या म्याच शिवल्या, पर आता काढ. पाणी पाज, अन् रिक्षा बोलाव. वसमतच्या दवाखान्यात न्यायला पायजे."

गोधड्या निघाल्या. वारा लागला, घाम वाळू लागला आणि ताप थोडा उतरला. दवाखान्यात जंतूंवर इंजेक्शन मिळालं. चौथ्या दिवशी बाई घरी आल्या. सगळं श्रेय इंजेक्शनला गेलं. जाऊ दे!

मला हारतुरे नकोत. तापलेल्या माणसाला पाणी द्या, पांघरूण हलकं ठेवा, दवाखान्याला उशीर करू नका. माझ्या जागी लवकरच नवी झडप येईल. तिला मी एवढंच सांगणार आहे: तापलीस की उघड, कुणाची परवानगी मागू नकोस.