पंचवीस मिनिटांचा निळा रंग

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावरच्या पडद्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी दिसत होत्या, सगळ्या निळ्याशार.

"किरणांनी मारलेल्या पेशी!" गुरुजी गरजले. "कोणाच्या? या आजोबांच्या!"

आजोबा म्हणजे पहिल्या रांगेत तिच्या शेजारी बसलेले तिचे वडील, अण्णा. घशातल्या कर्करोगाच्या गाठीवर त्यांचा इस्पितळात किरणांचा शेक चालू होता. निम्मा झाला होता. विश्वात सात तेजं, पाच पाण्यात, असं गुरुजी सांगत होते. उरलेली दोन त्यांच्या घशात असावीत, कारण रक्ताचा पहिला थेंब निळ्या रंगात कालवल्यापासून पंचवीस मिनिटं ते थांबलेच नव्हते. मग त्यांनी अण्णांच्या रक्ताच्या नळीत 'तेजोदक' नावाचं आपलं पाणी टाकलं, नवा थेंब रंगात कालवला आणि लगेच पडद्यावर दाखवला. पेशी मोत्यासारख्या शुभ्र! टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिने घड्याळ पाहिलं. रक्तावर किरण सोडायचे आणि पांढऱ्या पेशी किती तगतात ते मोजायचं, हेच प्रयोगशाळेतलं तिचं काम. निळा रंग मेलेल्या पेशीत शिरतो, जिवंत पेशी त्याला दारातच अडवते. पण मोजणी पाच मिनिटांत उरकायची, कारण रंगच विषारी. नवशिकी असताना ती मध्येच चहाला गेली आणि परत येऊन बघते तर झाडून सगळ्या पेशी निळ्या! अण्णा तेव्हा पोट धरून हसले होते. "मोजणीबाई, तुझ्या चहाने माणूस मारला की!"

ती बोलणार, तोच अण्णा वळले. "बघितलंस? जिवंत आहेत गं." कित्येक आठवड्यांनी ते हसत होते.

"हो, अण्णा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते शेकाला गेले नाहीत. पुन्हा कधीच गेले नाहीत. पाचव्या महिन्यात ते गेले.

त्यानंतर ती त्याच सभागृहात उभी राहिली. "गुरुजी, आज तेजोदक घातलेल्या रक्ताचा थेंब रंगात पंचवीस मिनिटं ठेवा."

"ताई, तेज घड्याळ बघत नाही."

"मी बघते ना."

लोक हसले. "होऊन जाऊ द्या!" मागून कोणी ओरडलं. गुरुजींचा नाइलाज झाला. पंचवीस मिनिटांनी पडदा निळाशार.

तिने सगळं समजावून सांगितलं. कुजबुज झाली. शेजारच्या बाईंनी तेजोदकाची बाटली छातीशी धरली. "पण आमच्या ह्यांना बरं वाटतंय हो."

"वाटू दे, मावशी. पण शेक सोडू नका. काय दिसलं एवढंच बघू नका, किती वेळाने दिसलं तेही विचारा."

मावशींनी मान डोलावली. बाटली मात्र सोडली नाही.

पहिल्या रांगेत अण्णांच्या खुर्चीवर कोणी अनोळखी आजोबा बसले होते.

"अण्णा," ती मोठ्याने म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही हसलात, म्हणून मी गप्प बसले."