चांगल्या कानातलं यंत्र

"दादा, चहा!" धाकटीनं स्वयंपाकघरातून हाक मारली आणि दादा उठून खिडकीपाशी गेला.

"अरे, इकडे! खिडकीत कोण चहा घेऊन उभं राहणार?" ती हसली.

तो हसला नाही. "तू बाहेर होतीस ना?" म्हणाला आणि रस्त्याकडे पाहत राहिला.

लाकडाच्या वखारीत फळ्या रचणारा, नकला करून सगळ्यांना हसवणारा हा मुलगा अलीकडे आक्रसून गेला होता. भिंतीतून कुणीतरी आपल्याविषयी बोलतं, असं त्यानं धाकटीला सांगितलं होतं. आई म्हणे, "कानात मळ झालाय."

कान तपासणाऱ्या बाईंनी त्याला बंद खोलीत बसवलं. बारीकातला बारीक आवाज त्याला ऐकू आला; पण तो कुठून आला ते दाखवताना बोट भलतीकडेच जाई.

"कान ठणठणीत आहेत," बाई म्हणाल्या. "आवाजाची दिशा मेंदूला ठरवता येत नाहीये. तेवढ्यावरून निदान होत नाही. पण भिंतीतली बोलणीही ऐकू येतात म्हणतोय, तर मनाच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. सुरुवातीलाच उपचार झाले तर फार फरक पडतो."

परतताना बाबा आईला एवढंच म्हणाले, "हिचं लग्न होऊ दे. तोवर कानच."

"पण बाबा, कान तर चांगले..."

"बहिरा भाऊ चालतो गं लोकांना. वेडा नाही चालत."

आणि त्यांनी ऐकण्याचं यंत्र आणून दादाच्या चांगल्या कानात बसवलं. पाहुण्यांना ते दिसावं म्हणून त्याचे केसही बारीक कापून घेतले. "यात सगळेच ओरडतात," म्हणून दादा ते काढायचा. आई पुन्हा बसवायची. "थोडेच दिवस, राजा." धाकटी गप्प राहिली. सांगून आलेला मुलगा तिला आवडला होता.

एका दुपारी वखारीत ट्रक मागे येत होता. हॉर्न वाजला, माणसं ओरडली. दादानं सगळं ऐकलं आणि जीव वाचवायला धावला तो थेट ट्रककडेच.

पाय गुडघ्यापासून कापावा लागला. होणाऱ्या सासूबाई रुग्णालयात भेटायला आल्या. "यंत्र असूनही ऐकू नाही आलं का हो?"

"बॅटरी संपली असेल," आई म्हणाली.

धाकटीनं दादाच्या कानातलं यंत्र काढून सासूबाईंच्या हातात ठेवलं. "त्याला सगळं ऐकू येतं, काकू. तो मनानं आजारी आहे आणि आम्हाला ते माहीत होतं. माझं लग्न मोडू नये म्हणून आम्ही त्याला बहिरं ठरवलं."

बाबा खाली बघत राहिले. सासूबाईंनी यंत्र टेबलावर ठेवलं, पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या.

"दादा," धाकटी म्हणाली. तो दाराकडे पाहू लागला. तेव्हा ती पलंगाला वळसा घालून अगदी त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. "इथे आहे मी. मनाच्या डॉक्टरांना बोलावून आणते. आत्ताच."

"भिंतीतले म्हणायचे," दादा हळूच म्हणाला, "माझ्यामुळे तुझं लग्न अडलंय."

त्यातलं सगळंच काही आजाराचं नव्हतं. घरी दादाच्या खोलीच्या भिंतीपलीकडे आई-बाबांची खोली होती.