माझा आवाज बंद केला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माळ्यावर, पाते तुटलेल्या पंख्याशेजारी आडवा पडलो आहे. धूळ खावी लागते म्हणून मी रडत नाही. आमच्या जातीला ते चुकत नाही. माझे दुःख वेगळे आहे.

कारखान्यात जोडला गेलो आणि खोक्यात बसून एका लहानशा ऑफिसात आलो. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले तपासणीचे अहवाल तिथे टाइप होत. माणसे तीनच: मालक, हिशेब पाहणाऱ्या त्यांच्या वहिनी आणि टाइप करणारी ताई. ताईला जन्मापासून दिसत नव्हते. माझ्यात एक बोलका प्रोग्राम होता. ती टाइप करी, मी वाचून दाखवी. तिच्या एका कानात डॉक्टर, दुसऱ्या कानात मी. तिने माझा वेग इतका वाढवला होता की वहिनी म्हणायच्या, हा कुणाशी तरी कडाकडा भांडतोय. ताईला मात्र शब्दन् शब्द कळायचा. डॉक्टर तिच्या कामाची वाहवा करायचे आणि मालक ती स्वतःची समजून मिरवायचे. तिच्या पगारावर ती आणि अंथरुणाला खिळलेली तिची आई जगत होत्या.

मग माझी ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली. ती म्हणजे आमचा जीवच. ती नसेल तर पेटी नुसती पेटी. व्हायरसची भीती वाढली, तेव्हा दुरुस्तीवाल्याने दोन नव्या सिस्टीम आणल्या आणि यातली एक निवडा म्हणाला. पहिली सुरू होताच मी बडबडू लागलो. वहिनींना दुरुस्तीवाल्याचे बोलणे ऐकू येईना, म्हणून मालकांनी माझा आवाज बंद केला.

तिथेच घात झाला. सगळे रंग आणि चित्रे बघत बसले. पहिली त्यांना जुनाट वाटली, दुसरी देखणी. ताई कान देऊन बसली होती, पण तिला ऐकायला काहीच नव्हते.

"दुसरी बोलते ना?" तिने विचारले.

"बोलेल की. न बोलायला काय झालं?" मालक पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

दुसरीवर माझा बोलका प्रोग्राम चालतच नव्हता. हे कळले तेव्हा ती माझ्यात बसवून झाली होती. पहिली बसवायची तर सगळे पुसून नव्याने मांडावे लागणार होते, आणि कामाचा ढीग साचला होता. मालक म्हणाले, ताईला कीबोर्डच्या कळा पाठ आहेत, घेईल चालवून.

कळा पाठ होत्या, पण पडद्यावर काय उमटले ते तिला कोण सांगणार? वहिनी येता-जाता वाचून दाखवत. पुढे त्याही कंटाळल्या. अशातच एका रुग्णाचा अहवाल दुसऱ्याच्या फाइलीत गेला. मला दिसत होते. ओरडावेसे वाटले, पण माझ्या तोंडाला कुलूप होते. धडधाकट माणसाने रोगाच्या धास्तीने अंथरूण धरले, आणि ज्याला खरोखर रोग होता तो निश्चिंत घरी बसला. चूक उघडी पडली तोवर त्याच्यावर उपचार करण्याची वेळ निघून गेली होती.

मालकांनी ताईला बोलावून सांगितले की या कामाला डोळस माणूसच हवा.

"मी विचारलं होतं," ताई म्हणाली. "बोलते ना, म्हणून."

मालकांनी मान खाली घातली.

जाताना ताईने आपला हेडफोन गुंडाळला आणि माझ्यावर हात ठेवला. आतला पंखा फिरत होता, म्हणजे मी चालू होतो, एवढे तिला समजले.

"बोल ना रे," ती हळूच म्हणाली.

मला बोलता आले नाही. पुढे तिच्या जागी दुसरे कुणी आले, माझ्या जागी दुसरा संगणक आला. तिला काम मिळाले की नाही, माळ्यावर मला कोण सांगणार?

मित्रांनो, उद्या तुम्हीही आमच्यासाठी सिस्टीम निवडाल. रंग बघा, वेग बघा. पण त्याआधी, आमच्यापुढे दिवसभर कोण बसणार आहे ते बघा, आणि त्या माणसाने काही विचारले तर खात्री करून उत्तर द्या. एक कळ दाबून आवाज चालू करायचा होता. दुसरी मुकी आहे, हे ताईला तेवढ्यावरून कळले असते.