घंटेनंतरचं बोलणं

अमेरिकेतल्या लोकांची भांडणं ऐकून लिहून काढणं, हे माझं काम. मीरा रोडच्या हाटकेश भागात एका गाळ्याच्या वर आमचं ऑफिस आहे. खाली स्टीलच्या डब्यांना पॉलिश करतात, वर आम्ही अकरा बायका कानाला हेडफोन लावून बसतो. तिकडच्या लहान लहान गावांच्या सभांची रेकॉर्डिंग आमच्याकडे येतात. त्या सभांमध्ये कुणीही उठून माईकसमोर जाऊ शकतं आणि नगराध्यक्षाला तोंडावर सुनावू शकतं. तीन मिनिटं मिळतात, मग घंटा वाजते आणि माईक बंद होतो. आम्ही ते टाइप करून परत पाठवलं की झालं त्या गावाचं अधिकृत दप्तर. लोकशाही तिकडची, बोटं आमची.

या धंद्याचा एक नियम आहे. चुकीचा शब्द लिहिला तर टाइप करणाऱ्याचे गुण कापले जातात. पण शब्द कळला नाही म्हणून तिथे 'अस्पष्ट' अशी खूण टाकली, तर काहीच कापलं जात नाही. ज्याने हे ठरवलं त्याला माणसाचा स्वभाव चांगलाच ठाऊक असणार. सुरुवातीला मी चार-चारदा मागे जाऊन ऐकायचे. मग दोनदा, मग एकदा. घंटेनंतरचं बोलणं तर लांबून येतं, मध्ये खुर्च्यांचे आवाज असतात, तिथे मी थांबायचेसुद्धा नाही. सुंठीवाचून खोकला गेला. माझे गुण कधी नव्व्याण्णवच्या खाली आले नाहीत, आणि नव्या मुली आल्या की शिकवायला धर्मेशभाई मलाच बसवायचे. धर्मेशभाई म्हणजे आमचे मालक. मी त्या मुलींना सांगायचे, शंका आली की खूण टाका, हुशारी दाखवू नका.

कॅल्डर्स लँडिंग नावाच्या गावाची सभा दर महिन्याला माझ्याकडे यायची. नदीकाठचं गाव, अर्धं गोऱ्यांचं, अर्धं काळ्यांचं, मध्ये रेल्वेचे रूळ. तिथे एक खताचा कारखाना वाढवायचा होता. गोऱ्यांच्या बाजूची जागा दोनदा नामंजूर झाली, आणि रुळांपलीकडची पहिल्याच सभेत मंजूर झाली. वर कारखान्याला दहा वर्षांची करमाफी. याविरुद्ध दर सभेला अर्लीन टॉलिव्हर नावाची सत्तरीची बाई बोलायला उभी राहायची. नाव पुकारलं की घड्याळ सुरू व्हायचं, आणि गुडघे धरलेले असल्यामुळे माईकपर्यंत पोचायलाच तिचं एक मिनिट जायचं. बोलणं जाड, तिकडच्या काळ्या माणसांच्या घरातलं, शब्दाची शेपटं गिळणारं. मुद्द्याला हात घालेपर्यंत घंटा व्हायची. ती घंटेला भीक घालायची नाही. माईक बंद झाला तरी बोलत राहायची.

मी तिचं नाव लिहायचे, पत्ता लिहायचे, 'नमस्कार मंडळी' लिहायचे. पुढे अस्पष्ट, अस्पष्ट, अस्पष्ट. कारखान्याच्या वकिलाचं मात्र मी 'थँक यू'सुद्धा सोडायचे नाही. तो रेडिओवरच्या माणसासारखा स्वच्छ बोलायचा, आणि त्याला घंटाही लावत नसत.

खरं सांगायचं तर टॉलिव्हरबाईचं बोलणं मला कळायचं. सगळं नाही, पण बरंच. मी भाईंदरजवळच्या राई गावची आहे, खाडीकाठच्या आगऱ्यांची. आमच्या घरचं बोलणं मीरा रोडच्या लोकांना कळत नाही, म्हणून शाळेत असतानाच मी ते घरी ठेवून यायला शिकले होते. तोंडातल्या तोंडात बोलणारी म्हातारी माणसं ऐकायची माझ्या कानाला सवय आहे. पण कळणं वेगळं आणि त्याच्यासाठी गुण पणाला लावणं वेगळं.

मग गेल्या वर्षी मार्चच्या सभेत ती आली आणि बोलायला लागायच्या आधी कागद फडफडवल्याचा आवाज आला. त्या दिवशी ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली.

"अकरा महिने मी इथे उभी राहतेय. माझ्या रस्त्यावर सहा घरांमध्ये एकच खोकला आहे. आम्ही कोर्टात गेलो, तेव्हा आमच्या वकिलानं विचारलं, हे तू सभेत सांगितलं होतंस याला पुरावा काय? म्हणून मी तुमच्या दप्तराची नक्कल मागवली. यात माझं नाव बरोबर आहे. पत्ता बरोबर आहे. बाकी सगळं अस्पष्ट. कारखान्याच्या साहेबाला शिंक आली असती तर तीसुद्धा तुम्ही लिहिली असती. मी चर्चमध्ये गाते, माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. मला एवढंच विचारायचं आहे की ज्याला माझा आवाज ऐकू येत नाही, तो माणूस कोण आहे?"

मागून कुणीतरी ओरडलं, "कोण असणार? गोराच कुणीतरी." लोक हसले, मग टाळ्या पडल्या.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. माझ्यापुढे डब्यातला उपमा होता. त्या गोऱ्या माणसाचं नाव सुचेता होतं, आणि रंगावरून त्याची दोन स्थळं मोडली होती. मला हसू आलं, आणि लगेच इतकी लाज वाटली की मी डबा बंद केला.

ते तीन मिनिटांचं बोलणं मी शब्दन् शब्द लिहिलं, घंटेनंतरचंही. मग धर्मेशभाईंच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, मागच्या अकरा सभा मला परत ऐकू द्या, मी रविवारी येऊन करते.

"सुचेताबेन, बेसो," ते म्हणाले. माणूस गोड आहे, कधी आवाज चढवत नाही. "ते दप्तर कोर्टमध्ये गेलं ना? आता आपण बदललं तर पहिलं खोटं होतं असं होईल. कंपनी जाएगी. आपण जज आहे काय? आपण टायपिंग आहे."

मी बाहेर आले. जूनमध्ये त्या गावाच्या सभेत कारखान्याच्या वकिलानं वाचून दाखवलं की न्यायालयानं रहिवाशांचा अर्ज फेटाळला, कारण वेळेवर हरकत घेतल्याची नोंद दप्तरात सापडत नाही. तेही मीच टाइप केलं. टॉलिव्हरबाई त्या सभेला नव्हती. पुढच्याही नाही.

पावसाळ्यानंतर आमच्याकडे पहिल्यांदा मराठी काम आलं. खाडीच्या कडेनं राईवरून एक मोठा रस्ता न्यायचा होता, आणि त्यावर गावकऱ्यांची जनसुनावणी झाली होती. रस्ता कुणासाठी ते सांगायला नकोच. भाईंदरला उतरलं की 'खाडी दिसणारी घरं' असे फलक दिसतात, त्यातल्या घरांसाठी. एका सरकारी खात्यानं सुनावणीचं इतिवृत्त लिहून घ्यायचं काम बाहेर दिलं, आणि ते धर्मेशभाईंनी मिळवलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मिनलनं पाच मिनिटं ऐकून हेडफोन काढला. "ये कौनसी मराठी है, यार?" ती म्हणाली. धर्मेशभाईंनी रेकॉर्डिंग माझ्याकडे दिलं.

मला त्या सुनावणीचं ठाऊक होतं. माझे वडील, दशरथ घरत, तिथे बोलले होते. त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. "सुचे, मी बोल्लू आज. समदा बोल्लू. सायबानं मान हालवली."

त्यांच्या बोलण्याचा सगळा जीव एका उघाडीत होता. गावाच्या खालच्या बाजूला खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध आहे, आणि त्या बांधात लाकडी फळ्यांची झडप आहे. तिला उघाडी म्हणतात. भरतीला ती पाण्याच्या दाबानं मिटते, ओहोटीला उघडते, आणि गावात साचलेलं पाणी खाडीत जातं. माझ्या आजोबांनी तिची राखण केली, मग बाबांनी. मिठागरं गेली, भातशेती गेली, जमीन निम्मी बिल्डरकडे गेली, तरी दर अमावास्येच्या भरतीला बाबा जाऊन फळ्या बघून येतात. खात्याच्या नकाशात ती उघाडीच नव्हती. तिच्यावरून थेट भराव दाखवलेला होता.

रेकॉर्डिंगमध्ये बाबांचा आवाज आला आणि मी सरसावून बसले. त्यांनी गावदेवीला नमस्कार केला. मग गावातल्या पाचही आळ्यांच्या वडीलधाऱ्यांना, एकेकाचं नाव घेऊन. मग गेलेल्यांना. मग आलेल्या साहेबांना, त्यांच्या हाताखालच्यांना, मंडप घालणाऱ्यांना. आमच्या गावकीच्या बैठकीत असंच बोलतात. सगळ्यांची नावं घेतल्याशिवाय कुणी मुद्द्याला हात घालत नाही; घातला तर तो माणूस उर्मट. मी हेडफोन लावूनच पुटपुटले, बाबा, आटपा. शेवटचा नमस्कार झाला आणि इथल्याही तीन मिनिटांची घंटा वाजली.

ते थांबले नाहीत. माईक गेला, पण खाडीच्या बांधावर आयुष्य गेलेल्या माझ्या बापाचा आवाज माईकवर अवलंबून नाही.

"सायब, नकाशान रस्ता दावलाय, पन उघाडी दावली न्हाय. गावाचं पानी तिथनंच खाडीन जातं. तिच्यावं भराव टाकला तं पावसाचं पानी जानार कुटं? खालच्या आळीन सत्तर घरां हायेत. तुमचा मोजनीवाला भरतीला आलता, त्याला ती दिसलीच नसंल. मी दावतू. ओहोटीला माज्यासंगं चला."

मी सगळं लिहिलं. उघाडीची जागा, घरांचा आकडा, मोजणीवाला भरतीला आला होता हेसुद्धा. इतक्या निगुतीनं मी आयुष्यात कधी टाइप केलं नव्हतं. दुपारी धर्मेशभाईंनी बोलावलं.

"बेन, हे दोन पान जास्त आहे. बेलनंतरचं आपण घेत नाही ना? तूच सगळ्यांना शिकवते."

"हे माझे वडील आहेत," मी म्हटलं.

"अरे, सच? खूप छान बोलले. माझा नमस्ते सांग त्यांना." ते मनापासून म्हणाले. "पण खात्यानं सांगितलं आहे, बेलपर्यंतच पाहिजे. एकाचं घेतलं तर सगळ्यांचं घ्यायला लागेल. तुला नको असेल तर मी मिनलला सांगतो. ती करेल."

मी म्हणाले, नको, मीच करते. मिनलनं केलं असतं तर बाबांचं नावसुद्धा चुकीचं पडलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. दुसरं असंही सांगितलं की नोकरी गेली तर उद्या दुसऱ्या कुणाचं तरी नीट लिहायला मी इथे नसेन. माणसाला स्वतःला सांगायला पुष्कळ सुचतं. मी दोन पानं निवडली आणि पुसली. त्या जागी कंसात तीन शब्द घातले. मला त्याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी बाबा आमच्या मीरा रोडच्या घरी आले. खात्याच्या ऑफिसातून त्यांनी इतिवृत्ताची नक्कल आणली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न घालता. चष्मा लावून त्यांनी मला वाचून दाखवलं. "श्री. दशरथ घरत, राहणार राई, यांनी ग्रामदेवता, ग्रामस्थ व उपस्थित अधिकारी यांस अभिवादन केले. पुढील कथन अस्पष्ट." मग शेवटचं पान काढलं. तिथे लिहिलं होतं की पाण्याच्या निचऱ्याबाबत कोणतीही हरकत नोंदली गेली नाही, सबब काम मंजूर करण्यात येत आहे.

"नमस्कार समदे लिवलेत," ते म्हणाले. "उघाडी कुटं हाय?"

ते माझ्यावर चिडलेले नव्हते. त्यांना माझं ऑफिस कसलं काम करतं तेही धड ठाऊक नाही. अमेरिकेचं काहीतरी, एवढंच.

"मी इतका विंगाट, कुनाला न कलनारा बोल्लू का गं?" त्यांनी विचारलं. "दात गेल्यापासना आवाज फुटतो माजा. पन सायबानं तं मान हालवली. सुचे, हे लिवतं तरी कोन?"

सांगायची वेळ होती ती तीच. माझ्या तोंडात शब्द आलाही होता.

"मशीन लिहितं, बाबा," मी म्हटलं. "हल्ली सगळं मशीनच लिहितं."

ते कागदाकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"मंग बराबर हाय," ते म्हणाले. "मी आळीन सगल्यांना सांगत व्हतू, मानूस आसं करनार न्हाय. मानसानं आयकलं आसतं तं लिवलंच आसतं." त्यांनी चष्मा पुसला. "कागद आन. आत्ताच अर्ज लिव सायबाला. लिव का, मशीन ठेवू नका, आमची पोर सुचेता हाय, तिला बसवा. तिला आमचं बोलनं कलतं. तुजं नाव, पत्ता, समदं घाल."

मी कागद घेऊन त्यांच्यासमोर बसले. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. त्यातला एक शब्दही मी गाळला नाही.